मावळचं नाव विकताना

जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने वडगावहून लोणावळ्याकडे निघा आणि वाटेत फक्त पाट्या वाचा. 'अस्सल मावळी इंद्रायणी', 'ओरिजिनल लोणावळा चिक्की', 'शुद्ध सेंद्रिय गूळ', 'गावरान चव', 'पवना व्ह्यू', 'एक्स्प्रेसवेपासून फक्त पाच मिनिटं'. प्रत्येक पाटी शेजारच्या पाटीपेक्षा मोठ्याने ओरडते. सगळेच अस्सल म्हटल्यावर खरा अस्सल कोण, हे मुंबईहून आलेल्या गिऱ्हाइकाने कसं ओळखायचं? मग तो भाव बघतो आणि सगळ्यांत स्वस्त ते घेतो, नाहीतर काच वर करून पुढे जातो.

'खरं बोलून धंदा होत नाही' हे वाक्य बाजारात रोज ऐकू येतं. ज्याच्या खिशात जाहिरातीला कोटी-दोन कोटी आहेत, त्याला ते काही काळ परवडतही असेल. एखाद्या दाव्याचा बोभाटा झाला तर तो नवं पाकीट, नवं नाव आणि नवा चेहरा घेऊन पुन्हा उभा राहतो. भात गिरणीवाला, पापड-कुरडया करणारा बचत गट, चार खोल्यांचा होमस्टे किंवा पवनेकाठी तंबू लावणारा तरुण यांना ही सोय नाही. त्यांचं दुकान त्याच गावात राहणार, त्याच आडनावाने. म्हणून छोट्या उद्योजकाने जाहिरातीत खरं बोलावं, हा उपदेश नसून साधा व्यवहार आहे. हा व्यवहार रोजच्या धंद्यात कसा बसवायचा, ते पाहू.

नाव तुमच्या एकट्याचं नाही

इंद्रायणी तांदळाचं उदाहरण घ्या. हे वाण आपल्या वडगावच्या कृषी संशोधन केंद्रात तयार झालं. महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं हे केंद्र. आंबेमोहोर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून निवड करत करत ते सिद्ध झालं आणि १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती आलं. आंबेमोहोराचा वास आणि आयआर-८ चं उत्पन्न असा मेळ साधल्यामुळे ते मावळच्या खाचरांत रुजलं. आता आपल्याच तालुक्यात पाकिटावर काय छापलं जातं पाहा: 'शेकडो वर्षांचं गावरान वाण', 'आजोबा-पणजोबांपासूनचं देशी बी'. पणजोबांच्या काळात इंद्रायणी नव्हता. आयआर-८ हेसुद्धा फिलिपीन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ साली दिलेलं वाण. म्हणजे 'गावरान' हा शब्द इथे सरळसरळ खोटा आहे. गंमत अशी, की खरी गोष्टच जास्त चांगली आहे. 'आमच्या तालुक्याच्या संशोधन केंद्रात जन्मलेला तांदूळ' असं भारतातल्या किती गावांना म्हणता येईल?

दुसरी बाब मुलखाची. इंद्रायणी फक्त मावळात पिकत नाही. मुळशीत, भोरकडे, इगतपुरीकडेही तो भरपूर होतो. व्यापाऱ्याने बाहेरचं भात आणून वडगावात भरडलं, तर पाकिटावरचा 'इंद्रायणी' खरा आणि 'मावळी' खोटा. बाहेरचा माल विकण्यात कमीपणा काहीच नाही. 'इंद्रायणी तांदूळ, भरडाई वडगाव मावळ' असं लिहिलं की विषय संपला. शेजारच्या मुळशीतल्या आंबेमोहोराला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. मुलखाच्या नावाला कायद्यानेही मोल असतं, हे त्यावरून ध्यानात घ्या.

चिक्कीचंही तसंच. घाटातल्या रेल्वेच्या कामावरच्या मजुरांना विकल्या जाणाऱ्या गुडदाणीतून लोणावळ्याची चिक्की जन्मली, असं सांगितलं जातं. आज लोणावळ्यात 'मगनलाल' हे नाव किती पाट्यांवर आहे, ते मोजायला बसलात तर वेळ जाईल. डिसेंबर २०१८ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने मगनलाल चिक्कीच्या उत्पादकाला अन्न सुरक्षा कायद्याच्या अटी पूर्ण होईपर्यंत उत्पादन आणि विक्री थांबवायला सांगितलं. ती बातमी देशभर गेली. दादर किंवा ठाण्यात ती वाचणाऱ्याला यातलं नेमकं कुठलं दुकान, हे कळणं अवघड होतं. त्याच्या लेखी बातमी 'लोणावळ्याच्या चिक्की'ची होती.

मुलखाचं नाव गावच्या विहिरीसारखं असतं. पाणी सगळ्यांनी प्यायचं, पण घाण एकाने केली तरी सगळ्यांचे हंडे रिकामे राहतात. म्हणून जाहिरात लिहिताना पहिला प्रश्न असा: मी जे म्हणतोय ते खोटं निघालं, तर माझ्याबरोबर आणखी कुणाचा माल पडून राहील?

शब्द आणि त्यामागचा कागद

पाकिटावरच्या काही शब्दांवर कायद्याची नजर आहे. अन्नपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांबाबतचे नियम २०१८ साली आले. 'नैसर्गिक', 'ताजं', 'शुद्ध', 'पारंपरिक', 'अस्सल', 'ओरिजिनल' अशा अर्थाचे शब्द कधी वापरता येतात, याच्या अटी त्यांत दिलेल्या आहेत. मनाला आलं म्हणून छापायचे हे शब्द नव्हेत.

'सेंद्रिय' हा सगळ्यांत जास्त उधळला जाणारा शब्द. पाकिटावर 'सेंद्रिय' म्हणून माल विकायचा तर राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाखालचं किंवा पीजीएस-इंडियाचं प्रमाणपत्र लागतं. पीजीएसमध्ये शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या शेतांची पाहणी करतो, त्यामुळे लहान शेतकऱ्याला ते झेपण्यासारखं आहे. वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेला लहान मूळ उत्पादक थेट खाणाऱ्या गिऱ्हाइकाला माल देत असेल, तर त्याला प्रमाणपत्रातून सूट आहे. पण त्याने प्रमाणित सेंद्रिय मालावरचं 'जैविक भारत'चं चिन्ह वापरायचं नाही. दुकानात ठेवायला दिलेला माल या सवलतीत बसत नाही. प्रमाणपत्र नसेल तर जे खरोखर करता तेवढं सांगा: 'शेणखत आणि गिरीपुष्पाचा पाला वापरतो, करपा आल्यास एक फवारणी करतो.' हे वाचून पळून जाणारं गिऱ्हाईक थोडं. थांबणारं मात्र पुढल्या वर्षीही येईल.

आरोग्याच्या दाव्यांत तर हात आखडताच ठेवा. 'शुगरवाल्यांसाठी खास तांदूळ', 'या मधाने मधुमेह जातो', 'काढा घ्या, सांधेदुखी विसरा' अशी वाक्यं व्हॉट्सअ‍ॅपवर सहज फिरतात. मधुमेहासारखे आजार बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींवर १९५४ च्या औषधी व जादूटोणा उपचार कायद्याने बंदी आहे. याला आपल्याकडेच एक उलट उदाहरण आहे. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं. योगाचे फायदे नुसते सांगून न थांबता त्यांनी प्रयोगशाळा उभारली आणि निष्कर्ष 'योगमीमांसा' या नियतकालिकात छापायला सुरुवात केली. जे मोजून पाहिलं नाही ते छातीठोक सांगायचं नाही, ही शिस्त शंभर वर्षांपूर्वी याच तालुक्यात होती.

'घरगुती' म्हणताना माल घरात बनत असावा. 'आजीच्या हातची चव' म्हणताना आजी असावी. आणि पाकिटावर नऊवारीतल्या एखाद्या ठाकर किंवा कातकरी बाईचा फोटो छापायचा असेल, तर तिला तो दाखवून, विचारून, मोबदला देऊन छापावा. करवंदं तिने काट्याकुट्यांतून तोडायची आणि तिचा चेहरा तिच्या नकळत चाळीस रुपयांच्या बरणीवर मिरवायचा, यात कसलं नैतिक मार्केटिंग? इतिहासाचंही तेच. टोमॅटो घातलेल्या रश्श्याला 'शिवकालीन' म्हणू नये. मावळात गडकोट इतके आहेत, की खरं सांगूनही पान भरेल.

आता एक पाकीट जवळून पाहू. नेहमीचा मजकूर असा असतो:

'अस्सल गावरान मावळी इंद्रायणी! १०० टक्के नैसर्गिक. सुवासिक, पौष्टिक, पचायला हलका. शुगरवाल्यांसाठी उत्तम.'

त्याच तांदळाचा दुसरा मजकूर:

'इंद्रायणी तांदूळ, नवा. भात तालुका मावळातलं, आमच्या गटातल्या शेतकऱ्यांचं. काढणी नोव्हेंबर, भरडाई जानेवारी, एकदाच पॉलिश. शिजल्यावर मऊ आणि चिकटसर होतो. वरण-भात, मऊ भात, खिचडीला छान. पुलाव-बिर्याणीला चालणार नाही. नवा असल्याने पाणी नेहमीपेक्षा थोडं कमी घाला.'

पहिल्या मजकुरातलं एकही वाक्य गिऱ्हाइकाला स्वयंपाकघरात उपयोगी नाही. दुसऱ्यातलं प्रत्येक वाक्य आहे. 'पुलावाला चालणार नाही' हे वाक्य लिहायला हात धजत नाही, पण बाकीच्या मजकुरावर विश्वास बसतो तो त्याच्यामुळे. शिवाय भात गचका झाला म्हणून येणारे निम्मे फोन आपोआप बंद होतात. ज्याला मोकळा भात हवा त्याला जुना तांदूळ द्या किंवा दुसरं वाण सुचवा. एक किलो कमी खपेल, पण एक तक्रारही कमी येईल.

वजन, भाव आणि 'आज शेवटचा दिवस'

बंद पाकिटावर काय लिहायचं, हे वजनमापाच्या २०११ च्या नियमांत ठरवून दिलेलं आहे: उत्पादकाचं किंवा पॅकिंग करणाऱ्याचं नाव-पत्ता, मालाचं नाव, निव्वळ वजन, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत, प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो भाव आणि तक्रारीसाठी संपर्क. खाण्याचा पदार्थ असेल तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक, घटकांची यादी, शाकाहाराचं हिरवं चिन्ह आणि कधीपर्यंत खावं तो दिनांक. घटक जास्तीकडून कमीकडे या क्रमाने लिहायचे असतात. 'गुळाची चिक्की' म्हणून समोर ठसठशीत छापायचं आणि मागे बारीक अक्षरात लिक्विड ग्लुकोज, साखर, मग गूळ असा क्रम लावायचा, तर समोरचं आणि मागचं एकमेकांना खोटं पाडतं. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांसाठी तशी सूचनाही द्या. चिक्कीत शेंगदाणा असतो हे सगळ्यांना माहीतच असतं, असं समजू नका. काजूच्या चिक्कीच्या तुकड्यात तो नसेल असं धरून चालणारी माणसं असतात.

निव्वळ वजन म्हणजे पाकिटाचं वजन सोडून. पाव किलोचा डबा २२० ग्रॅमचा करायचा आणि आकार तोच ठेवायचा, ही युक्ती कायद्यात एक वेळ बसेलही, कारण वजन छापलेलं असतं. पण जुनं गिऱ्हाईक डबा हातात घेताच ओळखतं. गूळ-शेंगदाणे महागले तर भाव वाढवा आणि दुकानात तशी चिठ्ठी लावा. महागाई सगळ्यांनाच दिसते, तिचा कुणाला राग येत नाही. पर्यटकांची गर्दी आहे म्हणून छापील किमतीपेक्षा जास्त घेणं हा मात्र सरळ गुन्हा आहे, मग ती भुशी धरणाच्या वाटेवरची पाण्याची बाटली का असेना.

सवलतीचंही असंच. कधीच न आकारलेली ६०० रुपयांची किंमत खोडून ३९९ लिहिणं, वर्षभर 'आज शेवटचा दिवस' चालू ठेवणं, 'एकावर एक मोफत' म्हणत दोन्हींची किंमत एकात धरणं हे सगळं गिऱ्हाइकाला एकदाच फसवतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं जून २०२२ मध्ये आली. नुसतं बोलावण्यासाठी लावलेला भाव आणि 'मोफत'चे खोटे दावे यांवर त्यांत स्वतंत्र कलमं आहेत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. खरी सवलत द्यायची तर कारण सांगा: 'नवं भात आलं, जुना तांदूळ संपवायचा आहे, म्हणून किलोमागे दहा रुपये कमी.' लोक कारण ऐकून घेतात.

फोटो कुठल्या महिन्यातला?

पवना जलाशयाचा सप्टेंबरातला फोटो आणि मे महिन्यातली जागा यांत बराच फरक असतो. पाणी काठापासून दूर गेलेलं असतं, मध्ये भेगाळलेली जमीन दिसते. सप्टेंबरचा फोटो दाखवून मेचं बुकिंग घेतलं, तर पाहुणा रात्रभर धुसफुसत राहतो आणि सकाळी एक तारा देऊन जातो. उपाय फुकट आहे: प्रत्येक फोटोखाली महिना लिहा. मे महिन्याचा फोटोही टाका आणि त्याच्याखाली त्या दिवसांत काय छान असतं ते सांगा. उन्हाळ्याच्या अखेरीस राजमाचीकडे काजवे असतात, पहाटेचा वारा असतो, करवंदं असतात. काजवे मात्र पावसाच्या सरींवर आणि हवेवर अवलंबून असतात. 'हमखास दर्शन' असं छापू नका. आणि ते जपायचे असतील तर बॅटरी, फ्लॅश आणि गर्दी यांवर तुम्हीच मर्यादा घाला. 'एका रात्री एवढेच पाहुणे' हे वाक्य धंद्याला मारक नाही. पुढच्या वर्षी काजवे दिसले तरच पुढच्या वर्षी धंदा आहे.

भाव सांगताना शेवटी हातात येणाऱ्या बिलाचा आकडा सांगा. 'माणशी ९९९' म्हणून बोलवायचं आणि मग बार्बेक्यू वेगळा, गादी वेगळी, पार्किंग वेगळं असं उलगडत जायचं, ही छुपी भाववाढ नोव्हेंबर २०२३ च्या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या विक्रीच्या १३ प्रकारांत मोजलेली आहे. अडचणीही आधीच सांगाव्यात. पावसात रेंज जाते, शेवटचा अर्धा किलोमीटर कच्चा आहे, वीज गेली तर इन्व्हर्टरवर फक्त दिवे चालतात. ज्याला हे चालतं तोच येईल, आणि आल्यावर कुरकुर करणार नाही.

रील बनवताना आणखी एक जबाबदारी येते. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या मागच्या धबधब्याच्या प्रवाहात पुण्यातल्या हडपसर भागातल्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याजवळ इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन पर्यटनस्थळांवर मनाई आदेश काढतं, ते याचसाठी. तुमच्या होमस्टेच्या रीलमध्ये धबधब्याच्या मधोमध उभी राहिलेली पोरं किंवा कड्यावर पाय सोडून बसलेली जोडपी असतील, तर तुम्ही तसंच करायला बोलावताय असा त्याचा अर्थ होतो. शेवटी बारीक अक्षरात 'काळजी घ्या' टाकून तो पुसला जात नाही. त्याऐवजी व्हरांड्यातून दिसणारा पाऊस, चुलीवरची भाकरी, भात लावणीचं खाचर दाखवा. बंद असलेली ठिकाणं कोणती, तेही बुकिंगच्या मेसेजमध्येच पाठवा. पाहुण्याचा एक तास वाचेल, कधी जीवही.

दुसऱ्याच्या तोंडून

भाचा, मेहुणा आणि कामावरचा पोरगा यांच्याकडून पाच-पाच तारे लिहून घेतलेले अभिप्राय गिऱ्हाईक चटकन ओळखतं. एकाच आठवड्यात वीस अभिप्राय, सगळे 'मस्त जागा' म्हणणारे, आणि त्यानंतर सहा महिने शुकशुकाट. ऑनलाइन अभिप्राय कसे घ्यावेत आणि दाखवावेत, याचं भारतीय मानक २०२२ पासून उपलब्ध आहे. छोट्या धंद्याला त्यातलं सार पुरेसं: जो खरंच आला त्यालाच लिहायला सांगा, आणि वाईट लिहिलं म्हणून पुसायची धडपड करू नका. वाईट अभिप्रायाखाली तुम्ही शांतपणे काय उत्तर दिलंत, ते पुढची दहा माणसं वाचतात. 'तुम्ही म्हणता ते खरं, त्या दिवशी पाणी आलं नव्हतं. आता टाकी वाढवली आहे,' एवढं बास.

इन्स्टाग्रामवाल्या पाहुण्याला फुकट ठेवलं आणि त्याने व्हिडिओ टाकला, तर तीही जाहिरातच. पैसे दिले नसले तरी फुकट मुक्काम हा मोबदला आहे. जानेवारी २०२३ मध्ये सरकारने सांगितलं, की असा संबंध स्पष्ट शब्दांत आणि त्याच भाषेत जाहीर करायचा. व्हिडिओ मराठीत असेल तर 'जाहिरात' हा शब्द मराठीतच, ठळकपणे दिसायला हवा. शेजारच्या दुकानाबद्दल मात्र न बोललेलं बरं. त्याच्या मालात भेसळ आहे याचा पुरावा असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे जा. रीलमध्ये टोमणे मारून दोघांचंही गिऱ्हाईक जातं.

प्लॉट विकणाऱ्यांसाठी

मावळात सगळ्यांत मोठे फलक प्लॉटचे असतात. इथे फसलेल्या माणसाची आयुष्याची पुंजी जाते, म्हणून नियमही कडक. ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या प्रकल्पाची महारेरात, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणात, नोंदणी झाल्याशिवाय जाहिरात करता येत नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत महारेराचा क्रमांक आणि क्यूआर कोड दोन्ही लागतात. जाहिरात खोटी निघाल्याने नुकसान झालं, तर भरपाईची किंवा व्याजासह पैसे परत देण्याची जबाबदारी रेरा कायद्याच्या १२व्या कलमाने विकणाऱ्यावर टाकली आहे. एजंटालाही नोंदणी लागते.

कायद्याच्या पलीकडे जाऊन चार गोष्टी फलकावर नाहीतर निदान पहिल्या भेटीत सांगा: जमीन बिगरशेती आहे की शेती, सातबारा स्वतंत्र होणार की सामाईक, रस्ता नकाशावर आहे की तोंडी, आणि 'पाच मिनिटं' म्हणजे किती किलोमीटर, तेही शनिवारी संध्याकाळच्या गर्दीत. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहसा विकत घेता येत नाही, हे मुंबईच्या नोकरदाराला माहीत नसतं. ते त्याला इसार घेण्याआधी कळायला हवं, नंतर नाही.

फोन नंबर म्हणजे ठेव

वडगावच्या पोटोबा महाराजांच्या उत्सवात स्टॉल लावला, लकी ड्रॉसाठी तीनशे जणांचे नंबर घेतले आणि दुसऱ्या दिवशी सगळे 'मावळ ऑर्गॅनिक फॅमिली' ग्रुपमध्ये घातले, असं सर्रास होतं. संध्याकाळपर्यंत शंभर जण ग्रुप सोडतात, काही जण ब्लॉक करतात. नंबर ज्या कामासाठी घेतला त्याच कामासाठी वापरायचा, हे तत्त्व २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या मुळाशी आहे. चिठ्ठीवर एक चौकट ठेवा: 'नवा तांदूळ आला की कळवू का? हो / नको.' 'हो' म्हणणारे साठच निघतील, पण ते घेणारे असतील. ग्रुपऐवजी ब्रॉडकास्ट लिस्ट करा, म्हणजे एकाचा नंबर दुसऱ्याला दिसणार नाही. महिन्यातून दोनदा मेसेज पुरे. 'नको' म्हटलं की त्याच दिवशी नाव काढा.

मग विकायचं कसं?

इतकी पथ्यं पाळून उरतं काय, असं वाटेल. भरपूर उरतं. मराठी उद्योगांनी हे आधी करून दाखवलं आहे. १९२० साली शं. वा. किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं, ते कारखान्याची आणि मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचावी म्हणून. वाचकाला उपयोगी पडेल असा मजकूर देत देत त्याचं महाराष्ट्रातलं मातब्बर मासिक झालं. उपयोगाची माहिती देणं ही सगळ्यांत टिकाऊ जाहिरात, हे त्यातून कळतं. तुमच्याकडे छापखाना नाही, पण फोन आहे. लावणी, बेणणी, काढणी, झोडणी, भरडाई यांचे अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे व्हिडिओ करा. गुलाबाचं पॉलीहाऊस असेल तर कळी कुठल्या टप्प्यावर तोडायची, व्हॅलेंटाइन डेच्या आधी भाव का चढतो, ते सांगा.

त्याआधीची एक गोष्ट तळेगावची. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा जमवायची कल्पना मांडली, लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिलं आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे इथे पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. परदेशात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे होते. इथे शिकलेले कारागीर पुढे देशभरच्या काच कारखान्यांत गेले. स्वदेशीचं आवाहन भावनेचं होतं, पण मागे कारखाना खरा होता आणि हातात येणारी काचही खरी होती. 'लोकल घ्या, गावाला साथ द्या' असं आज म्हणणाऱ्याने आपल्या मागे काय उभं आहे, हे तपासून घ्यावं.

शेवटी तक्रार. ग्राहक पंचायतीची चळवळ बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यातच उभी केली. आपल्या भागातलं गिऱ्हाईक हक्क जाणतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर त्याने फिरवण्याआधी तुमचा नंबर फिरवावा, असं वाटत असेल तर तो पाकिटावर ठळक छापा, उचला, आणि माल बदलून द्यायचा नियम आधीच ठरवून ठेवा. तांदळात सोंडा निघाला तर वाद न घालता पाकीट बदलून द्या, आणि त्या दिवशीच्या भरडाईची बाकीची पाकिटंही तपासा.

जाहिरात, पाटी किंवा रील बाहेर जाण्याआधी स्वतःला पाच प्रश्न विचारा.

१. यातला प्रत्येक दावा मी आज कागद, बिल किंवा शेत दाखवून सिद्ध करू शकतो का?

२. गिऱ्हाइकाला शेवटी द्यावी लागणारी रक्कम यात दिसते का?

३. फोटो माझ्याच जागेचा, माझ्याच मालाचा आणि सांगितलेल्या हंगामातला आहे का?

४. हे पाहून कुणी धोक्याच्या जागी जाईल, औषध सोडेल किंवा कर्ज काढेल का?

५. गावातल्या ज्याला या धंद्याची आतली माहिती आहे, त्याच्यासमोर मी हे मोठ्याने वाचू शकतो का?

पाचही उत्तरं समाधानाची असतील तर जाहिरात खुशाल जाऊ द्या. एखादं अडखळलं तर तेवढं वाक्य खोडा. सहसा ते खोडल्याने जाहिरात छोटी आणि चांगली होते. सुरुवात सोपी ठेवायची असेल तर या आठवड्यात आपल्या पाकिटावरचा 'अस्सल' हा शब्द काढा आणि त्या जागी गाव, काढणीचा महिना आणि भरडाईचा दिनांक लिहा.